दोन चमचे तेल

इंजिन दोन तऱ्हेनं जाम होतं, हे आम्हाला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. तोवर उर्दूत एम.ए. झालं होतं, बी.एड. झालं होतं, सांगलीतल्या एका उर्दू हायस्कुलात आठवी ते दहावीच्या पोरांना भाषा शिकवून दहा वर्षं होत आली होती. (इथे एक खुलासा केलेला बरा. आम्ही म्हणजे आम्ही एकटेच. लहानपणी शाळेत 'मैं' म्हटलं की उस्ताद 'हम कहो' म्हणून दटावायचे. ती सवय मराठी लिहितानाही सुटत नाही. वाचकांनी तो मोठेपणा समजू नये.)

पहिली तऱ्हा चालत्या गाडीची. ती आम्ही लहानपणी पाहिली होती, फक्त समजली नव्हती. अब्बा आठवड्याचे बाजार करायचे. जत, कवठे महांकाळ, तासगाव, विटा. तयार कपड्यांची दोन मोठी गाठोडी येझदीच्या मागे दोरीनं आवळलेली असत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत टाकीवर आम्ही. एकदा जतच्या रस्त्यावर भर दुपारी गाडी चालता चालता कण्हली, मागचं चाक घसटलं आणि एकदम थांबली. अब्बांनी चटकन क्लच दाबला म्हणून आम्ही पडलो नाही. आम्हाला वाटलं, आता धक्का मारत न्यावी लागणार. अब्बांनी गाडी लिंबाखाली लावली, गाठोड्याला टेकून बसले, बिडी पेटवली. म्हणाले, "पकड ली है. छोडेगी." अर्ध्या तासानं उठले, किक हातानं हलकेच दाबून पाहिली, बाटलीतलं तेल टाकीत ओतलं, गाडी हलवली आणि किक मारली. गाडी चालू.

आता त्यामागचं कारण सांगता येतं. टू-स्ट्रोक गाडीत पिस्टनला तेल वेगळं मिळत नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल तेवढंच. ते कमी पडलं की पिस्टन तापतो. पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि तो ज्यात खालीवर होतो तो ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पिस्टनला जागा उरत नाही, तो ब्लॉकला धरतो. थंड झाला की आक्रसतो आणि सोडतो, नशीब चांगलं असेल तर.

दुसरी तऱ्हा उभ्या गाडीची. तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

गाडी १९८६ साली अब्बांनी जुनी घेतली होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची येझदी, अडीचशे सी.सी., दोन सायलेन्सर, डाव्या बाजूला एकच दांडी. तीच गिअरची, तीच आत दाबून उभी केली की किकची. नवख्या माणसाला ही गाडी चालूसुद्धा करता यायची नाही, याचा अब्बांना अभिमान होता. कारखाना १९९६ साली बंद पडला. नंतर जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आलं, पण त्या गाड्या वेगळ्या. अब्बांच्या गाडीचं सगळं काम अब्बाच करायचे. त्यांचा पान्यांचा एक पत्र्याचा डबा होता. त्याला आम्ही हात लावलेला त्यांना चालत नसे. पाना उचलला की म्हणायचे, "रख दे. तेरे हाथ में चॉक अच्छा." त्यांच्या नखांतला काळा रंग ईदच्या दिवशीसुद्धा जात नसे, आणि मुलाची नखं पांढरी राहावीत एवढीच त्यांची इच्छा होती. आमची नखं पांढरी राहिली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आमचं घर जुन्या सांगलीत, नदीच्या अंगाला. २००५ च्या पुरात पाणी आमच्या उंबऱ्याला लागून परत गेलं होतं. सगळी गल्ली त्याच हिशेबात राहिली की त्याच्यावर पाणी येत नसतं. आलं. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही रात्री निघालो. आम्ही आमची पुस्तकं, सर्टिफिकेटांची फाइल आणि बी.एड.च्या पाठांच्या वह्यासुद्धा माळ्यावर टाकल्या. त्या वह्यांचा आता कुणाला काय उपयोग होता, देव जाणे. अम्मीनं धान्याचे डबे उचलले. अब्बांनी त्यांचा पान्यांचा डबा काखेत मारला. गाडी बोळात उभी होती, तशीच राहिली. ती उंचावर न्यायची म्हणून अब्बा दोनदा बोलले. भाऊ म्हणाला, "अब्बा, इन्सान को निकालें या गाडी को?" ते गप्प बसले.

मिरजेला खालाच्या घरी आम्ही आठवडाभर राहिलो. १२ तारखेची बकरी ईद तिथेच झाली. पाणी उतरल्यावर आम्ही आणि भाऊ रोज सांगलीला जाऊन घर धुऊ लागलो. पुराचा चिखल ज्यानं काढला आहे त्याला सांगायला नको आणि ज्यानं काढला नाही त्याला सांगून कळायचं नाही. अब्बांना दम्याचा त्रास होता आणि घराच्या भिंती ओल्या होत्या, म्हणून ते दोन-अडीच महिने मिरजेलाच राहिले.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी गाडीचं विचारलं. बुडाली होती का? पूर्ण बुडाली होती, आम्ही म्हणालो. किती दिवस? सहा. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "देख बेटा. किक मत मार. प्लग खोल, पानी निकाल, और दो चमचे तेल छोड अंदर. फिर हल्लू हल्लू चाक फिरा. बस. बाकी मैं आ के देखता."

आम्ही हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्यासाठी तलाठी येणार होते. तिसऱ्या दिवशी शाळेचा गाळ काढायला सगळ्या शिक्षकांना बोलावलं होतं. शाळेचं दफ्तर, हजेरीपट, सगळं पाण्यात गेलेलं, ते वाळवायचं होतं. ही कारणं खरी आहेत, पण पुरी नाहीत. खरं कारण असं की प्लग कसा खोलतात ते आम्हाला माहीत नव्हतं आणि ते कुणाला विचारायची लाज वाटत होती. गाडी आम्ही धुतली मात्र. नळी लावून धुतली, टाकी पुसली, क्रोमला पॉलिश केलं, उन्हात उभी केली. इतकी चकचकीत दिसत होती की मोबाइलवर फोटो काढून अब्बांना दाखवला. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि विचारलं, "तेल छोडा?"

आम्ही म्हटलं, "छोडा."

"कौनसा?"

"इंजिन का."

"शाबास," ते म्हणाले.

दिवाळीच्या सुमारास ते घरी परतले. गाडीवर ताडपत्री होती. त्यांनी ती उचलली, सीटवरून हात फिरवला, पुन्हा टाकली. किक मारून पाहिली नाही. आम्हाला वाटलं, दम्यामुळे. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. २०२१ च्या मे महिन्यात अब्बा गेले. त्या लाटेत ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना ते दिवस ठाऊक आहेत, इथे वाढवत नाही.

दोनच महिन्यांनी, जुलैत, पुन्हा पूर आला. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. पाणी चाळीस फुटांवर गेल्याचं कळताच आम्ही आणि भावानं ती गाडी भर पावसात ढकलत स्टेशनच्या बाजूला एका मित्राच्या पोर्चमध्ये नेऊन लावली. तिथे सहज म्हणून आम्ही किकची दांडी आत दाबून पाय ठेवला. दांडी हलली नाही. आम्ही अंगाचा भार टाकला. जशी काही भिंतीत पुरलेली सळई. मरून दोन वर्षं झालेल्या गाडीला आम्ही पुरातून वाचवून आणलं होतं.

२०२२ च्या उन्हाळ्यात भावानं भंगारवाला आणला. त्याची चूक नव्हती. बोळात जागा नव्हती, गाडीचे कागद पुरात भिजून लगदा झाले होते, त्यांची दुसरी प्रत काढायची होती, मुदत वाढवायची होती. भंगारवाल्यानं गाडीकडे न पाहता वजनाकडे पाहिलं आणि आकडा सांगितला. अम्मी आतून म्हणाली, "जो करना है करो." आम्ही म्हटलं, सुट्टी संपेपर्यंत थांबा.

मिरज रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज आहे, तिथला पोरगा जुन्या टू-स्ट्रोक गाड्या करतो, असं कळलं. तिथे गेलो तर तो आमचाच विद्यार्थी निघाला. नाव लिहीत नाही, त्याला सगळे मिस्त्री म्हणतात, आपणही म्हणू. २०१३ साली तो आठवीत होता. इमल्यात, म्हणजे शुद्धलेखनात, तो हमखास गळायचा. उर्दूत 'स'ची तीन अक्षरं आहेत, से, सीन आणि स्वाद. आवाज एकच. कुठल्या शब्दाला कुठला स, हे पाठच करावं लागतं. तो अंदाजानं कुठलाही घालायचा. एकदा त्याची वही वर्गासमोर धरून आम्ही म्हणालो होतो, "पढेगा नहीं तो गॅरेज में पाने धोएगा." वर्ग हसला होता. नववीत तो नापास झाला आणि यायचा बंद झाला. ज्याच्या बापाच्या पान्यांवर आपण एम.ए. झालो त्यानं हे वाक्य बोलावं, यात काही खटकतंय, हे तेव्हा आम्हाला सुचलंही नव्हतं.

त्यानं आम्हाला पाहून हात पुसले आणि स्टूल पुढे केलं. "सर, बैठो." जुन्या गोष्टीचा उल्लेख त्यानं तेव्हाही केला नाही, नंतरही नाही. आठवत नसेल असं मानायला आम्हाला आवडलं असतं.

गाडी टेम्पोतून आणली. अब्बांचा डबाही बरोबर घेतला, येझदीचे काही पाने त्यातच होते. डबा त्यानं आमच्यापेक्षा जास्त अदबीनं उघडला. पाने, चेनची एक कडी, तारेचं भेंडोळं आणि तळाशी तेलानं काळा झालेला एक पितळी चमचा. तो चमचा हरवला म्हणून अम्मीनं मागे एका कामवालीवर संशय घेतला होता.

मिस्त्रीनं प्लग खोलला. दोन मिनिटांचं काम. आम्ही पाहत राहिलो, एवढंच होतं ते. मग प्लगच्या भोकात बारीक टॉर्च धरून तो आत बघत बसला. आम्हालाही दाखवलं. आत विटकरी रंगाचा मखमलीसारखा थर होता. तो म्हणाला, "पिस्टन आधे में खडा है, सर. ऊपर पूरा जंग है." मग टॉर्च न काढता त्यानं विचारलं, "पानी उतरने के बाद किसीने तेल नहीं छोडा इसमें?"

आम्ही म्हणालो, "अब्बांनी सांगितलं होतं. आम्ही सोडलं नाही."

हे वाक्य आम्ही पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो होतो. बायकोलाही सांगितलं नव्हतं. मिस्त्रीनं टॉर्च विझवली. "निकल जाएगा," तो म्हणाला. "पर जल्दी नक्को करो."

त्याची रीत अशी. किकला हात लावायचा नाही, कारण किकचे आतले दात मोडतात, आणि मग सोडवायला गेलो इंजिन, मोडून बसलो गिअर बॉक्स. त्यानं डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल एकत्र केलं आणि त्या पितळी चमच्यानं मोजून प्लगच्या भोकातून आत सोडलं. मग सायकलचा एक आरा घेतला, आत पिस्टनला टेकवला, बाहेर काढला, तेलाची ओल जिथवर लागली तिथे कानशीनं खूण केली. "रोज देखने का. तेल नीचे गया, मतलब रास्ता मिला."

मे महिना होता, शाळेला सुट्टी. आम्ही रोज संध्याकाळी जाऊ लागलो. पहिल्या दिवशी तेल खुणेवर. दुसऱ्या दिवशी खुणेवर. बी.एड.ला आम्ही हर्बार्टची पंचपदी शिकलो होतो, पूर्वतयारीपासून उपयोजनापर्यंत पाच पायऱ्या आणि त्या पस्तीस मिनिटांच्या तासात बसवायच्या. तास संपेपर्यंत मुलाला आलंच पाहिजे, नाही आलं तर निरीक्षक शेरा मारतात. इथे दोन दिवसांत पहिली पायरीही हलली नव्हती आणि मिस्त्रीला त्याचं काहीच वाटत नव्हतं. तो दुसऱ्या गाड्या करत होता. जाता-येता प्लगच्या भोकात अर्धा चमचा टाकायचा.

तिसऱ्या दिवशी सूतभर खाली.

चौथ्या दिवशी आम्ही दुपारीच गेलो. मिस्त्री नमाजला गेला होता. हाताखालचा पोरगा, बारावीला दांडी उडालेला, पंक्चर काढत होता. उजव्या बाजूचं झाकण आदल्या दिवशीच काढलेलं, डायनॅमोचा बोल्ट समोर दिसत होता. क्रँक फिरवायचा तर तिथूनच, हे आम्हाला आता माहीत झालं होतं. अर्धवट माहीत असलेला मास्तर फार धोक्याचा. आम्ही पाना लावला, पान्याला नळी घालून लांब केला आणि ओढला. काही नाही. आणखी जोरात ओढला. पाना सटकला, बोल्टचा कोपरा गेला आणि आमची बोटं फिन्सवर आपटली. आमच्या पांढऱ्या नखांपैकी एक निळं पडलं.

मिस्त्री आला. त्यानं बोल्ट पाहिला, आमचं बोट पाहिलं, पोऱ्याला हळद आणायला पिटाळलं. आम्हाला एक शब्द बोलला नाही. पोऱ्या परत आल्यावर त्यालाच म्हणाला, "पाना बराबर पकडना सीख. नहीं तो सर के स्कूल में डाल दूंगा."

आम्हाला हसू आलं. मग ते वाक्य कुठून आलं ते लक्षात आलं आणि आम्ही चहा मागवला.

सहाव्या दिवशी आऱ्यावर तेल जेमतेम तळाला लागलं. चार सूत खाली गेलं होतं. मिस्त्री म्हणाला, "आज देखेंगे." टाकी आणि कार्बोरेटर आधीच उतरवलेले होते. त्यानं हेड काढलं. पिस्टनचं डोकं उघडं झालं, काळं, तेलात भिजलेलं. त्यानं ब्लॉकच्या बाहेरून उकळतं पाणी ओतलं, एक किटली, दोन किटल्या. ब्लॉक फुगावा एवढ्यासाठी. आमच्या मनात आलं, अॅल्युमिनियम तर आणखी फुगेल, आणि आम्ही तसं म्हणालोही. तो खूश झाला. "बराबर बोले सर. इसलिए जल्दी करने का. बाहर गरम, अंदर अब्बी ठंडा." पिस्टनवर त्यानं बाभळीचा गोल ठोकळा ठेवला आणि लहान हातोडीनं कडेकडेनं ठोकत गेला. एका जागी दोनदा नाही. फिरत फिरत. त्याचा कान ठोकळ्याजवळ होता. बराच वेळ एकच बसका आवाज येत राहिला. मग आवाज बदलला. किंचित पोकळ झाला. आम्हालासुद्धा कळला.

"हिला," मिस्त्री म्हणाला.

केसभर हललं होतं. त्यानं हातोडी ठेवली, पुन्हा तेल सोडलं आणि बिडाचं पाणी पुसत स्टुलावर बसला. आम्ही म्हणालो, अरे, आता हललंय तर ठोक ना. तो म्हणाला, "अब्बी ठोका तो रिंग ब्लॉक को फाडेगी, सर. हिला ना? पीने देव उसको." एवढं बोलून त्यानं खिशातून चणे काढून आमच्यापुढे केले. अर्ध्या तासानं कोपरा गेलेल्या त्या बोल्टला त्यानं कानशीनं कड पाडून पाना बसवला आणि क्रँक खाली इतकासा, वर इतकासा, खाली, वर, असा हलवू लागला. जिथे अडेल तिथे जोर न लावता मागे यायचा. मागे येताना जंग सुटतो, पुढे रेटताना दाबला जातो, असं तो म्हणाला. संध्याकाळी पिस्टन खालपासून वरपर्यंत एक फेरा पुरा फिरला. मगरिबची अजान झाली तेव्हा आमचे हात कोपरापर्यंत काळे होते. वुजूला बसलो तर साबणाला दाद देईनात.

पुढचं काम पैशाचं होतं, ते भरभर सांगतो. ब्लॉक वर ओढून काढला तर वरची रिंग दोन तुकडे. पिस्टनच्या अंगावर पांढरी भुकटी. ब्लॉकमध्ये जंगाचं कडं इतकं खोल की लेथवर नेऊन बोअर करावाच लागला. पासष्ट मिलिमीटरचा बोअर अर्ध्या मिलिमीटरनं वाढला, त्या मापाचा पिस्टन जुन्या स्पेअरवाल्याकडे मिळाला. गिअर बॉक्समधून निघालेलं तेल दुधाच्या चहासारखं होतं. क्रँकची बेअरिंग गेली होती, ऑइल सील गेले होते. कनेक्टिंग रॉड मात्र वाचला. क्रँकवर जरासं जुनं तेल राहिलं असणार, अब्बांच्या हातचं.

भाऊ म्हणाला, एवढ्यात सेकंडहँड स्कूटर आली असती. खरं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी चालू झाली. चौदाव्या की पंधराव्या किकला. शेड धुरानं भरलं, पोऱ्या खोकत बाहेर पळाला. मिस्त्रीनं बजावलं, पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही आणि लिटरला ५० मिलि तेल घालायचं, कमी नाही. मग त्यानं वहीच्या कागदावर बिल लिहून दिलं. उर्दूत. पिस्टन, सिलेंडर बोअर, बेअरिंग, सील, मजुरी दोन हजार. 'पिस्टन' आणि 'सिलेंडर' दोन्ही स्वादनं लिहिलं होतं. आमच्या खिशाला पेन होतं. आम्ही पैसे काढले. त्यानं मोजून घेतले, मजुरीत एक रुपया कमी केला नाही, आणि आम्हाला ते बरं वाटलं.

घरी बोळाच्या तोंडाशी गाडी आली तेव्हा अम्मी दारात उभी होती. आवाज ऐकूनच आली असणार. आम्हाला वाटलं, आता डोळ्यांना पदर लावेल. तिनं कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "ये आवाज नहीं है. एक तरफ से दबी हुई है."

एका बाजूनं दबलेली. आम्ही मिस्त्रीला फोन केला. तो संध्याकाळी पोऱ्याला घेऊन घरी आला, दोन्ही सायलेन्सरच्या मागे हात धरून पाहिला आणि अम्मीकडे वळून म्हणाला, "अम्मी, तुम बराबर बोले. डावा फेकताच नहीं." त्यानं डाव्या सायलेन्सरचं शेपूट खोलून आतली जाळीची नळी ओढली. ती अर्धी येऊन अडकली. सळईनं कोरलं तेव्हा ओट्यावर काळी माती पडली. वाळून दगड झालेली, मूठभर, मग आणखी मूठभर. कृष्णेच्या गाळाचा तो वास इतक्या वर्षांनीही त्यात होता.

"ये कब का?" अम्मीनं विचारलं.

"पूर का, अम्मी. उन्नीस का."

ती त्या मातीकडे पाहत राहिली. मिस्त्री आणि पोऱ्या नळी धुवायला नळावर गेले होते. आम्ही तिच्याशेजारी ओट्यावर बसलो आणि तिला सांगून टाकलं. अब्बांनी तेल सोडायला सांगितलं होतं, आम्ही सोडलं नव्हतं, सोडलं म्हणून सांगितलं होतं. ते शाबास म्हणाले होते तेही सांगितलं.

अम्मी म्हणाली, "उनको मालूम था."

आम्ही तिच्याकडे पाहिलं.

"पाने तो मिरज में उनकी खाट के नीचे थे. तूने मांगेच नहीं," ती म्हणाली. "तू गया उसके बाद बोले, अब उसको मत पूछना. शर्माएगा."

मग तिनं कोपऱ्यातला झाडू घेतला, माती एका बाजूला लोटली आणि आत चहा टाकायला गेली. मिस्त्री नळी झटकत परत आला. आम्ही डब्यातून पाना काढून त्याला दिला, आणि त्यानं दुसरा सायलेन्सर खोलायला घेतला.